लिंबाएवढं ऊन

वर्षभराचं ऊन मी एका दुपारी चुन्यानं पुसून टाकलं. हे वाचून कुणी म्हणेल, म्हातारीला चळ लागला. पण झालं ते असंच. बादलीत चुना, चुन्यात नीळ, हातात केकताडाच्या तंतूंचा कुंचला आणि तोंडात अखंड बडबड, की या पोरांनी भिंतीची काय दशा केली. तेव्हा मी फक्त त्रेसष्ट वर्षांची होते. अक्कलदाढ येऊन चाळीस वर्षं झाली होती, अक्कल अजून वाटेत होती.

भिंत आमच्या कापसाच्या खोलीची होती. ऊन अक्काचं होतं.

अक्का ही आमच्या गावचीच लेक. गाव नायगाव तालुक्यातलं, सडकेला लागून. तिची माय आमच्या शेतात खुरपायला यायची तेव्हा ही बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत असायची. झोळीतून उतरली ती थेट शाळेत गेली, तिथून नांदेडच्या कॉलेजात, आणि मग लातूरला. तिथं मोठ्या शिकवणीत दहा-बारा वर्षं तिनं फिजिक्स शिकवलं. डॉक्टर व्हायला निघालेली दोन-दोनशे पोरं एकाच हॉलमध्ये. आणि एका उन्हाळ्यात ते सगळं सोडून ही एस.टी.तून गावच्या फाट्यावर उतरली. एक पेटी, एक वळकटी, आणि तान्हं मूल घ्यावं तसं छातीशी धरलेलं भिंतीवरचं घड्याळ.

चाळिशीतली बाई एकटी परत येते म्हटल्यावर गावाला काम मिळालं. नवऱ्यानं सोडली, नोकरीवरून काढली, डोक्यावर परिणाम झाला, अशा तीन बातम्या दोन दिवसांत फिरल्या. त्यातली तिसरी मीच सोडली होती. मला ती इतकी आवडली की दुसऱ्या कुणी मला ती सांगितली तेव्हा मी नव्यानं हळहळले.

शेवटी न राहवून मी तिलाच विचारलं, "पोरी, एवढी चांगली नोकरी कामून सोडलीस?"

ती म्हणाली, "काकू, वर्गात इचारलं, सूर्य कुठून उगवतो. दोनशे हात वर. म्हणलं, पूर्व दाखवा. दोनशे बोटं दोनशे दिशांना. एकाचं तर पंख्याकडं. म्हणलं, चला आता घरला."

"एवढ्यासाठी?"

"हाव."

बोलणं तिचं असं, तोडून दिलेल्या भाकरीसारखं. पुढचा तुकडा हवा तर आपण हात पुढं करायचा.

शाळा सुटल्यावर पोरांना घेऊन बसायला तिला जागा हवी होती. आमची कापसाची खोली रिकामी पडलेली. पूर्वी वेचणी झाली की छतापर्यंत कापूस भरायचा आणि आमची पोरं त्यात उड्या मारायची. आता सगळं रान सोयाबीनचं. मी मोठ्या मनानं किल्ली दिली. मोठ्या मनानं हा शब्द तेव्हाचा माझाच. पहिल्याच दिवशी तिच्यासाठी चहा नेला तो कपाटातल्या फुलाफुलांच्या कपातून, जो पाहुण्यांशिवाय निघत नसे. केवढी सुधारलेली मी. अक्कानं कप हातात फिरवून बघितला, चहा प्याली, कप स्वतः विसळला आणि पालथा ठेवला. म्हणाली, "मायबी असाच पालथा ठेवायची. तिचा ओट्याखाली असायचा, कोनाड्यात."

आवाजात राग नव्हता. पूर्व कुठं आहे ते दाखवावं तसं तिनं दाखवलं. त्यानंतर मी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला लागले. त्या फुलांच्या कपात आता मी बटणं ठेवते.

खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत उंचावर एक झरोका होता. कापसाला हवा लागावी म्हणून ठेवलेला. अक्कानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तो झाकला आणि पत्र्याला खिळ्यानं एकच भोक पाडलं. दार लावलं की खोलीत दाट, मऊ काळोख व्हायचा आणि त्या काळोखातून एक बारीक तिरीप तरंगत येऊन समोरच्या भिंतीवर बसायची. गोल. लिंबाएवढं ऊन.

पोरं त्याला पाहुणा म्हणायची. साडेचारला शाळा सुटायची, पावणेपाचला पोरं खोलीत हजर. पाच वाजायला आले की अक्का घड्याळाकडं बघत हळू म्हणायची, "पाहुणा कुठं बसला?" पंधरा-वीस पोरं श्वास धरून उभी. टोला पडला की ज्याची पाळी असेल त्यानं उन्हाच्या बरोबर मधोमध कोळशानं ठिपका द्यायचा आणि शेजारी आपल्या नावाचं पहिलं अक्षर. बस. रोज एक. ढग असले तर त्या दिवशी खूण नाही. सुरुवात गांधी जयंतीला झाली. सकाळी शाळेत झेंड्यापाशी भाषणं झाली, दुपारी अक्कानं चिठ्ठ्या टाकल्या, आणि पहिली खूण करायचा मान माझ्या नातीला मिळाला. चौथीत होती तेव्हा. आठ दिवस कोळशाचा हात धुवू देईना.

मी वाती वळायचं निमित्त करून दारामागं बसायची. खरं तर मला ते ऊन बघायचं असायचं. बिलोलीला माझ्या माहेरी पत्र्याच्या छपरातून असंच ऊन गळायचं. सहा-सात वर्षांची असताना मी त्यावर पितळी वाटी पालथी घातली होती, सांजेला उपयोगी पडेल म्हणून. सांज झाल्यावर वाटी उचलली आणि भोकाड पसरलं. आईनं मार दिला तो वाटी चेपली म्हणून. कापसाच्या खोलीत, तुपाच्या बोटांनी वात वळता वळता, कधी डोळा लागायचा आणि वाटायचं की वाटीखाली धरलेलं तेच ऊन इतक्या वर्षांनी फिरत फिरत इथं आलंय. जाग यायची तेव्हा पोरं जमिनीवर उताणी पडून, डोळे मिटून, गाव ऐकत असायची. हाही अक्काचाच उद्योग. खुणेनंतर अर्धा तास ऐकायचं. मग एकेकानं सांगायचं. कुणी म्हणायचं, पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झालाय. कुणी म्हणायचं, अमक्याची म्हैस आज दारात नाही. एका पोरीनं सांगितलं, "आज्जी झोपल्यात, घोरून राहिल्या." तेवढं मात्र चुकीचं होतं.

चुकीचं हा शब्द अक्का वापरत नसे. कुणी काही भलतं सांगितलं की म्हणायची, "जवळपास." सात नवे पंचेचाळीस, जवळपास. मांजरा नदी गंगेला मिळते, जवळपास. आणि उत्तर अगदी बरोबर आलं तर शाबासकी नाही, फक्त, "आता जाऊन बघ." पोरं खरंच जाऊन बघायची. चिंचेची पानं कधी मिटतात, मुंग्या कोणत्या बाजूनं बीळ उकरतात, आपल्या घरात पहिलं ऊन कुठं पडतं. एकदा मी तिला माझं वय ओळखायला सांगितलं. तिनं माझ्याकडं इतका वेळ निरखून बघितलं की मीच घाबरून खरं सांगून टाकलं.

पहिल्या आठवड्यापासूनच पाहुणा भिंतीवर चढायला लागला. रोज बोटभर वर आणि बोटभर उत्तरेला. मार्गशीर्षात तो इतका उंच गेला की खूण करायला स्टूल लागायचं. पोरांना वाटलं, आता हा आढ्यातून पसार होणार. आईबापांना वाटलं, पोरं हातची गेली. कारण शेजारच्या गावात शिकवणी सुरू झाली होती, तिथं पोरं पाढे ओरडून म्हणत होती, आणि ते ओरडणं आमच्या शिवारापर्यंत ऐकू यायचं. आमच्या खोलीतून काहीच ऐकू येत नव्हतं.

त्यात नायगावचा एक खतवाला माझ्या थोरल्याच्या मागं लागला होता. सडकेवरची खोली, दुकानाला सोन्यासारखी. थोरला मला म्हणायचा, "माय, चांगली खोली तू पोरं झोपवायला दिलीस."

एका संध्याकाळी पाच-सात बाप दारात येऊन उभे राहिले. थोरला पुढं. त्यातला एक म्हणाला, "अक्का, ऊन मोजून कुणी डॉक्टर झालंय का?"

"न्हाई."

"मंग?"

अक्का भिंतीकडं वळली. अगदी वरचा ठिपका दाखवत म्हणाली, "पाहुणा इथपर्यंत आला. आता माघारी फिरंल. खाली येईल, तिकडं दक्षिणेला जाईल, उन्हाळ्यात गुडघ्याएवढा होईल, पुन्हा चढंल. पुढल्या गांधी जयंतीला पाचच्या टोल्याला बरोबर या पहिल्या खुणेवर येऊन बसंल. तुमची पोरं सांगतील, का येतो."

"आणि न्हाई आला तर?" थोरल्यानं विचारलं.

"खोली सोडते. आला तर तुमी खोलीचं नाव काढायचं न्हाई."

"खुणेवर आला तर?"

"खुणेवर."

"ठरलं. माय, तू साक्षीला."

मी मान डोलावली. साक्षीदार कसा असावा, तर माझ्यासारखा. पुढचं वाचाच.

पाहुणा खरंच माघारी फिरला. उतरला, सरकला, चैत्र-वैशाखात दक्षिणेच्या कोपऱ्याकडं खाली गेला, पावसाळ्यात महिना-महिना रजेवर राहिला, आणि श्रावण सरता सरता पुन्हा वाट चढायला लागला. भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचा, लोळत पडलेला एक लांबट इंग्रजी आठ तयार झाला होता. टोक जुळायचं तेवढं बाकी होतं. भाद्रपद संपत आला तेव्हा पाहुणा पहिल्या खुणेपासून वीत-दीड वीत लांब होता. रोज बोटभर. पोरं बोटं मोडून दिवस मोजत होती. माझी नात जेवताना, झोपताना एकच बोलायची, "आज्जी, माझ्या खुणेवर येणार."

त्या साली घट लवकर बसत होते.

घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. दसरा काढणं म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू बाहेर काढायची, गोधड्या ओढ्यावर नेऊन धुवायच्या, भांडी घासायची, आणि भिंतींना चुना द्यायचा. दसरा काढताना बाईच्या अंगात येतं. त्यात माझं तर नावच होतं, की हिच्या घरात दसऱ्याला झुरळ पाय ठेवत नाही. सून गोधड्या घेऊन ओढ्यावर गेलेली. ओसरी झाली, माजघर झालं, न्हाणी झाली. बादलीच्या तळाशी चुना उरला. वाया कशाला जाऊ द्यायचा?

मी कापसाच्या खोलीत गेले. दार सताड उघडलं. उजेडात भिंत बघितली आणि माझ्या जिवाचा संताप झाला. काळे ठिपकेच ठिपके.

लोक पुढं मला शंभरदा म्हणाले, रोज तर तिथं बसत होतीस. होते ना. पण दसरा काढताना डोळ्यांना भिंत दिसत नाही, डाग दिसतात. चुना पुरवून पुरवून वापरला, पाणी वाढवलं, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एक हात मारला. ओलेपणी ठिपके थोडे डोकावत होते, पण ओल्या चुन्यातून डाग डोकावतातच, वाळला की लपतात, एवढं चाळीस वर्षांत मला कळत होतं. कंबरेवर हात ठेवून मागं सरकले आणि म्हटलं, वा.

मागं नात उभी होती. हातात कोळसा. त्या दिवशी तिची पाळी होती.

ती रडली नाही. तिनं कोळसा खाली ठेवला, अगदी सावकाश, जसा काही तो फुटणार होता. तेव्हा मला कळलं की मी काय केलं.

अक्का आली. पोरं तिच्या मागं दारात दाटली. ती ओल्या भिंतीच्या जवळ गेली, इतकी जवळ की नाकाला चुना लागावा. या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालली. मी म्हटलं, "पोरी, माझ्या ध्यानातच..." तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. वळली आणि म्हणाली, "वाळू द्या, काकू."

पोरांना घेऊन ती बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसली. पुढचे आठ दिवस ती तिथंच बसली.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. थोरला तोंड लपवून हसला आणि म्हणाला, "माय, तू तर माझं कामच केलंस." गावात झालं, म्हातारीनं मुद्दाम पुसलं, खतवाल्याला खोली द्यायची म्हणून. हापशावर अक्काच्या गल्लीतली एक बाई, जिची सासू तिच्या मायसोबत आमच्याकडं खुरपायला यायची, घागर भरता भरता माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुसायची सवयच हाय म्हणा तुमाला." मी उलट बोलले नाही. मला ओळखणारे समजतील हे केवढं आहे. घट बसवले, माळ वाहिली, आणि देवीकडं काय मागावं तेच सुचेना.

नात माझ्याशी बोलत नव्हती. गांधी जयंतीला दोन दिवस राहिले तेव्हा ती दुपारी कापसाच्या खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर एकटीच बसलेली दिसली. मी पाण्याचा पेला नेला.

"आज्जी, खरं सांग. मुद्दाम केलंस?"

"न्हाई गं माय."

"मंग चुकून कसं व्हतं? तू तर रोज बघत व्हतीस."

मी पेला तिच्यापुढं धरला. तिनं हात झटकला. पेला उडाला, भिंतीवर आपटला, पाणी ओघळलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

पाणी जिथून ओघळलं होतं तिथं, चुन्याच्या आतून, धुक्यातून माणसं यावीत तसे तीन ठिपके वर येत होते. शेजारी अक्षरंही. आम्ही दोघी बघत राहिलो. वारा लागला, भिंत वाळली, ठिपके पुन्हा आत गेले.

नात कुजबुजली, "आज्जी, तू एकच हात मारला व्हतास?"

"चुना संपला व्हता."

कितीतरी दिवसांनी ती हसली. मग म्हणाली, "अक्काला सांगून येऊ?"

"थांब," मी म्हटलं. "तिनं आपल्याला कधी काही आधी सांगितलंय का?"

गांधी जयंतीला आभाळ सकाळपासून पिंजलेलं होतं. चार वाजता खोली भरली. बाप आले, आया आल्या, अक्काच्या गल्लीतल्या बायका दाराशी उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. थोरला भिंतीला टेकून. अक्कानं घड्याळ टांगलं आणि पोरांशेजारी जमिनीवर बसली. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. तेव्हा प्रथमच मला दिसलं की या बाईलाही भीती वाटते. लातूरला परत जायला तिनं काही मागं ठेवलेलं नव्हतं.

दार लावलं. काळोख झाला. पाचला दोन मिनिटं असताना पत्र्याच्या भोकातून तिरीप आली, फिकी, जुन्या तुपाच्या रंगाची, आणि कोऱ्या भिंतीवर येऊन बसली. टोला पडला.

थोरला म्हणाला, "ऊन आलं. पण कशावर आलं? माय, साक्षीदार तू. खूण कुठाय?"

"सरक जरा," मी म्हटलं.

पदराआडचा तांब्या काढला आणि भिंतीवर पाणी मारलं. नातीनं दार हातभर उघडलं आणि दुसरा मारला. कुणीतरी "अहो काकू" म्हणालं. पाणी पसरत गेलं आणि पांढऱ्यातून काळे ठिपके उगवायला लागले, आधी एक, मग पाच, मग भराभरा, कातरवेळी चांदण्या दिसाव्यात तसे. लोळत पडलेला आठ, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ठिपक्याशेजारी कुणाच्या तरी पोराचं अक्षर. त्या अर्धवट उजेडात बाप आपापलं अक्षर शोधायला लागले. "ते आमचं." "तिकडं खाली, ते बी आमचंच." दाराशी उभ्या बायका कधी आत आल्या कळलं नाही. हापशावरची ती बाई माझ्या खांद्यावरून वाकून एका ठिपक्याकडं बघत होती, आणि तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

ऊन पहिल्या खुणेवर होतं. नातीनं पुढं होऊन बोट लावलं. ठिपका मध्यापासून किंचित बाजूला, गव्हाच्या दाण्याएवढा.

"जवळपास," ती म्हणाली.

मग पोरांनी सांगितलं का येतो. एकानं पृथ्वी म्हणून लिंबू धरलं, एकीनं सूर्य म्हणून चिमणी लावली, दोघं एकमेकांभोवती फिरले, थोरल्याच्या पायात अडकून पडले. थोरल्याला सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. पण तो बराच वेळ आपल्या लेकीच्या अक्षराकडं बघत होता. भिंत वाळून ते दिसेनासं झालं तेव्हा म्हणाला, "माय, चहा ठेव सगळ्यांना." खोलीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

अक्का पाच वर्षं राहिली. नंतर जळकोटकडच्या एका गावानं बोलावलं म्हणून गेली, घड्याळ तसंच छातीशी धरून. पत्रा अजून झरोक्यात आहे. पाच वाजता मी अजून तिथं वाती वळायला बसते.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. सगळे गेल्यावर ती पेले विसळू लागली होती. मी तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि विचारलं, "त्या दिशी ओल्या भिंतीत तुला दिसलं व्हतं. खरं ना? मंग आठ दिवस गप कामून ऱ्हायलीस? खोली गेली असती की."

तिनं घड्याळ खाली उतरवलं, पदरानं त्याची काच पुसली, आणि म्हणाली, "भिंत तुमची, चुना तुमचा. तुमीच बघताल म्हणून थांबले, काकू. पुढल्या दसऱ्यालाबी एकच हात मारा."